जी. एन. रामचंद्रन

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन (८ ऑक्टोबर, इ.स. १९२२, एर्नाकुलम, केरळ - ७ एप्रिल, इ.स. २००१, चेन्नई, तमिळनाडू) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व जैवभौतिकशास्त्रज्ञ होते. त्वचा, हाडे, कंडरा आणि सांध्यांतील कूर्चा यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी गोपीनाथ कर्ता यांच्या साहाय्याने इ.स. १९५४-५५ मध्ये मांडली. प्रथिनांच्या साखळ्या कोणकोणत्या प्रकारे वळू शकतात हे दाखवणारा 'रामचंद्रन आलेख' जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो.

फाटलेल्या गुडघ्याच्या कूर्चेची दुरुस्ती करताना आज काही शस्त्रक्रियांत कोलॅजेनचा आधार दिला जातो. रामचंद्रन हे शल्यचिकित्सक नव्हते आणि अशा शस्त्रक्रियांत त्यांचा प्रत्यक्ष सहभाग नव्हता. मात्र ज्या पदार्थावर या शस्त्रक्रिया अवलंबून आहेत, त्याच्या घडणीचे ज्ञान मिळण्यात त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

जन्म आणि शिक्षण

रामचंद्रन यांचा जन्म तत्कालीन कोचीन संस्थानातील एर्नाकुलम येथे एका तमिळ कुटुंबात झाला. त्यांचे वडील जी. आर. नारायण अय्यर हे एर्नाकुलमच्या महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते व पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आईचे नाव लक्ष्मी अम्माळ. वडिलांमुळे रामचंद्रन यांना लहानपणीच गणिताची गोडी लागली. पुढे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत वावरतानाही त्यांची विचार करण्याची रीत गणितज्ञाचीच राहिली.

तिरुचिरापल्ली येथील सेंट जोसेफ महाविद्यालयातून त्यांनी भौतिकशास्त्र विषयात बी.एस्‌सी. ऑनर्स ही पदवी घेतली. इ.स. १९४२ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन भौतिकशास्त्र विभागात होते. या विद्यार्थ्याची बुद्धी मूलभूत विज्ञानात अधिक फळेल असे रामन यांना वाटले व त्यांनी त्याला आपल्या विभागात ओढून घेतले. रामन यांच्या हाताखाली रामचंद्रन यांनी प्रकाशशास्त्र आणि स्फटिकांचे भौतिकशास्त्र यांवर काम केले. हिऱ्यातील दोष क्ष-किरणांच्या साहाय्याने चित्रित करण्याचा त्यांचा प्रयत्न याच काळातला. इ.स. १९४७ मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी मिळाली. तत्पूर्वी, इ.स. १९४५ मध्ये, त्यांचा विवाह राजलक्ष्मी यांच्याशी झाला होता.

इ.स. १९४७ ते १९४९ या काळात ते केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत होते. डब्ल्यू. ए. वूस्टर यांच्या मार्गदर्शनाखाली, क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून स्फटिकांची स्थितिस्थापकता कशी मोजावी, या विषयावर त्यांनी पीएच.डी. मिळवली. याच मुक्कामात त्यांना लायनस पॉलिंग यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. रेणूंचे प्रतिरूप हाताने जुळवून त्यांची रचना ताडून पाहण्याची पॉलिंग यांची पद्धत त्यांच्या मनावर ठसली. इ.स. १९४९ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेत परत आले.

मद्रास विद्यापीठ

इ.स. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्राचा नवा विभाग सुरू करण्याचे ठरवले. कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी विभागप्रमुखपदासाठी प्रथम रामन यांना विचारले. रामन यांनी स्वतः नकार देऊन रामचंद्रन यांचे नाव सुचवले. त्या वेळी रामचंद्रन यांनी वयाची तिशी जेमतेम गाठली होती.

क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा उभारल्यावर संशोधनासाठी विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याच सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. कोलॅजेनच्या रचनेचा समाधानकारक उलगडा अद्याप कोणी केलेला नाही, हे त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून रामचंद्रन यांच्या लक्षात आले. पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी इ.स. १९५१ मध्ये कोलॅजेनसाठी तीन साखळ्यांची एक रचना सुचवली होती. परंतु क्ष-किरण छायाचित्रांशी ती जुळत नव्हती. लंडन, केंब्रिज आणि कॅलिफोर्निया येथील नामवंत प्रयोगशाळा ज्या प्रश्नावर काम करत होत्या, तोच प्रश्न मद्रासच्या नवख्या विभागाने हाती घेतला.

या कामी स्थानिक परिस्थितीही अनुकूल ठरली. विद्यापीठापासून जवळच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच असल्यामुळे त्या संस्थेला या विषयात स्वाभाविक रस होता व तिचे साहाय्य रामचंद्रन यांना झाले. कांगारूच्या शेपटीतील कंडरेपासून मिळालेल्या कोलॅजेनची क्ष-किरण छायाचित्रे विशेष स्पष्ट आली.

कोलॅजेनची रचना

सस्तन प्राण्यांच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग कोलॅजेनचा असतो. त्याच्या रासायनिक पृथक्करणातून एक गोष्ट आधीच माहीत होती. यातील अमिनो आम्लांपैकी सुमारे एक तृतीयांश ग्लायसीन असते. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याला पार्श्वशाखा म्हणून केवळ हायड्रोजनचा एक अणू असतो. रामचंद्रन आणि कर्ता यांनी यावरून असे अनुमान काढले की, साखळीत दर तिसरे स्थान ग्लायसीनचेच असले पाहिजे, आणि त्या स्थानी दुसरे कोणतेही मोठे अमिनो आम्ल मावत नसले पाहिजे.

ऑगस्ट १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी आपली पहिली रचना प्रसिद्ध केली. तीत तीन साखळ्या एकमेकींच्या शेजारी असून प्रत्येक साखळी मळसूत्रासारखी वळलेली होती. छायाचित्रांतील काही बारकावे या रचनेतून पूर्णपणे स्पष्ट होत नव्हते. म्हणून इ.स. १९५५ मध्ये त्यांनी सुधारित रचना मांडली. तीनुसार वळलेल्या तीन साखळ्या पुन्हा एका समाईक अक्षाभोवती एकमेकींना पीळ देतात.

काथ्याची दोरी वळताना प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ देतात आणि ते पेड एकत्र वळताना उलट दिशेने पीळ घालतात. त्यामुळे दोरी सहजी उकलत नाही. कोलॅजेनमध्येही हेच तत्त्व आढळते. प्रत्येक साखळीचे मळसूत्र डावे असते, तर तिन्ही साखळ्या मिळून पडणारा पीळ उजवा असतो. दर तिसऱ्या स्थानी येणारे ग्लायसीन आतल्या बाजूला, अक्षालगत बसते. तेथे जागा अत्यंत अपुरी असल्यामुळे ग्लायसीनऐवजी दुसरे अमिनो आम्ल आल्यास रचना बिघडते. ठिसूळ हाडांच्या एका आनुवंशिक विकारात नेमका असाच बदल अनेक रुग्णांत आढळतो. प्रत्येक साखळीत सुमारे १,००० अमिनो आम्ले असतात आणि तयार होणारा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, परंतु केवळ दीड नॅनोमीटर जाड असतो. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी रचले जाऊन तंतू बनतो. कंडरा ताण सहन करू शकते ती या तंतूंमुळेच.

आक्षेप आणि वाद

रामचंद्रन यांची सुधारित रचना प्रसिद्ध झाली त्याच वर्षी अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी केंब्रिजहून कोलॅजेनविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. एकमेकींभोवती वळलेल्या तीन साखळ्यांची कल्पना त्यांनाही मान्य होती. मात्र रामचंद्रन यांच्या रचनेत दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध धरले होते. तसे केल्यास काही अणू एकमेकांच्या नको तितके जवळ येतात, असा रिच आणि क्रिक यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते दर तीन अमिनो आम्लांमागे एकच बंध शक्य होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनीही त्याच काळात तत्सम रचना सुचवली.

हा वाद अनेक वर्षे चालला. बंधांच्या संख्येबाबत रिच आणि क्रिक यांचे म्हणणे पुढील पुराव्यांनी योग्य ठरले. तीन साखळ्यांचा पीळ आणि ग्लायसीनचे स्थान या मूळ कल्पना मात्र मद्रासच्याच होत्या, आणि त्या टिकल्या. तरीही पाश्चात्त्य लेखनात श्रेयाचे माप बराच काळ रिच आणि क्रिक यांच्याकडे झुकलेले राहिले. मद्रासच्या गटाचे अग्रक्रमाचे स्थान सर्वमान्य होण्यास वेळ लागला.

रामचंद्रन यांनी या आक्षेपाकडे पाठ फिरवली नाही. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हाच जर वादाचा मुद्दा असेल, तर त्याचे उत्तर मोजमापातून शोधले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडे यांच्या तोवर उलगडलेल्या स्फटिकरचना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. वेगवेगळ्या अणूंच्या जोड्यांमधील किमान अंतरांची कोष्टके त्यांनी तयार केली. आपल्या रचनेतील ज्या निकटतेवर आक्षेप घेतला गेला, तशी निकटता काही स्फटिकांत प्रत्यक्ष आढळते, हे त्यांना दाखवता आले. परंतु या कोष्टकांचा खरा उपयोग कोलॅजेनच्या वादापुरता मर्यादित राहिला नाही.

रामचंद्रन आलेख

प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक पेप्टाइड एकक जवळजवळ सपाट असते. दोन लगतची एकके ज्या कार्बन अणूपाशी जोडलेली असतात, तेथील दोन बंधांभोवती ती फिरू शकतात. या दोन फिरण्यांचे कोन 'फाय' आणि 'साय' या ग्रीक अक्षरांनी दर्शवतात. साखळीतील प्रत्येक जोडाचे हे दोन कोन कळले की साखळीच्या कण्याचा आकार सांगता येतो.

रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी अणूंना कठीण गोळे मानले आणि या दोन कोनांच्या प्रत्येक जोडीसाठी कोणते अणू एकमेकांवर आदळतात हे गणिताने तपासले. 'फाय' आडव्या अक्षावर आणि 'साय' उभ्या अक्षावर घेऊन त्यांनी चौकोनी आलेख काढला. त्यातील बहुतांश क्षेत्र निषिद्ध ठरले आणि काही लहान पट्टेच शक्य कोटीतील उरले. पॉलिंग यांचे अल्फा मळसूत्र, प्रथिनांतील बीटा पट्ट्या आणि कोलॅजेनची साखळी हे तिन्ही प्रकार या शक्य पट्ट्यांतच येत होते. इ.स. १९६३ मध्ये हे संशोधन 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या वेळी अणुपातळीपर्यंत उलगडलेली प्रथिने एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. पुढे शेकडो आणि मग हजारो प्रथिनांच्या रचना ज्ञात झाल्या, तेव्हा त्यांतील कोन बहुतांशी याच पट्ट्यांत पडतात असे दिसून आले. एखाद्या प्रथिनाची नवी रचना मांडली गेली की ती विश्वासार्ह आहे का, हे तपासण्यासाठी आजही प्रथम हा आलेख काढतात. फार मोठ्या संख्येने बिंदू निषिद्ध क्षेत्रात पडले, तर रचनेत चूक असण्याची शक्यता धरली जाते. कोलॅजेनवरील एका आक्षेपाचे उत्तर शोधता शोधता सर्व प्रथिनांना लागू पडणारी कसोटी अशी हाती आली.

कोलॅजेनवरील पुढील संशोधन

कोलॅजेनचा विषय रामचंद्रन यांनी नंतरही सोडला नाही. इ.स. १९६८ मध्ये त्यांनी आर. चंद्रशेखरन यांच्यासमवेत असे सुचवले की, साखळ्यांमधील काही बंध थेट न जुळता मध्ये असलेल्या पाण्याच्या रेणूमार्फत जुळत असावेत. इ.स. १९७३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सिप्रोलीन या अमिनो आम्लामुळे रचनेला स्थैर्य कसे लाभते याविषयीही एक कल्पना मांडली. शरीरात हायड्रॉक्सिप्रोलीन तयार होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास कोलॅजेन दुबळे होते, हिरड्यांतून रक्त येते व जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही रोग होय.

इ.स. १९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कोलॅजेनसदृश पेप्टाइडाचा स्फटिक तयार करून त्याची रचना बारकाईने पाहिली. तीन साखळ्यांचा पीळ, अक्षालगतचे ग्लायसीन आणि सभोवतालचे पाण्याचे जाळे हे सर्व त्यात दिसून आले. दर तीन अमिनो आम्लांमागे थेट हायड्रोजन बंध मात्र एकच होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या वादातील दोन्ही बाजूंचे बरोबर व चूक अशा रीतीने स्पष्ट झाले.

गुडघ्याच्या कूर्चेची दुरुस्ती आणि कोलॅजेन

गुडघ्यात कूर्चा दोन प्रकारची असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. शिवाय मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. मेनिस्कसमधील पाणी वगळल्यास उरलेल्या भागात कोलॅजेनच सर्वाधिक असते. त्याचे बहुतेक तंतू गोलाकार जातात आणि शरीराचा भार पेलताना गादीला बाहेर सरकू देत नाहीत. खेळताना पाय पिळवटला गेल्यास किंवा वयानुसार झीज झाल्यास ही गादी फाटते. रक्तपुरवठा केवळ तिच्या बाहेरच्या काठाला असल्यामुळे आतल्या बाजूची फाटलेली जागा आपोआप सहसा भरून येत नाही.

पूर्वी फाटलेली गादी शस्त्रक्रिया करून सरसकट काढून टाकत असत. इ.स. १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक टी. जे. फेअरबँक यांनी अशा रुग्णांच्या गुडघ्यांत कालांतराने होणारे बदल क्ष-किरण चित्रांतून दाखवले. त्यानंतर हळूहळू गादी जपण्याकडे कल वळला. आज शक्य तेथे दुर्बिणीद्वारे टाके घालून ती शिवतात. काही शल्यचिकित्सक शिवलेल्या जागेभोवती कोलॅजेनचा पातळ पडदा गुंडाळतात. गादीचा काही भाग काढावाच लागला आणि बाहेरचा काठ शाबूत असेल, तर त्या जागी बैलाच्या कंडरेतील कोलॅजेनपासून बनवलेला सच्छिद्र साचा शिवता येतो. या छिद्रांतून रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आत शिरतात, नवी ऊती घडवतात आणि मूळ साचा हळूहळू विरघळतो. हाडांवरील गुळगुळीत कूर्चेच्या खड्ड्यांसाठीही कोलॅजेनचे पडदे वापरतात. काही पद्धतींत त्यांवर रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून त्या रोपल्या जातात.

तिपेडी रचनेच्या ज्ञानावरून या उपचारांतील अनेक गोष्टींचा अर्थ लागतो. प्राण्यांच्या आणि माणसाच्या कोलॅजेनमधील पिळाचा भाग बराच सारखा असतो. वेगळेपणा मुख्यतः रेणूच्या सुट्या टोकांत असतो; ती टोके काढून टाकल्यास शरीराची विरोधी प्रतिक्रिया कमी होते. कोलॅजेन तापवले की पीळ उकलतो आणि त्याचे जिलेटिन होते. म्हणून साचा तयार करताना तापमान सांभाळावे लागते. साचा लवकर विरघळू नये यासाठी रेणूंमध्ये रासायनिक जोडबंध निर्माण करतात. कातडे कमावण्यामागेही मुळात हेच तत्त्व आहे.

या उपचारांना मर्यादा आहेत. अमेरिकेतील अनेक केंद्रांत तीनशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि इ.स. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी शस्त्रक्रिया झालेल्या जुन्या दुखण्याच्या रुग्णांना कोलॅजेनच्या साच्याचा लाभ दिसला; नव्या दुखापतीच्या रुग्णांत तसा फरक आढळला नाही. तोंडाने घेतलेली कोलॅजेनची भुकटी ही या साच्यांपेक्षा सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. पचनात तिचे तुकडे होतात आणि तिपेडी रेणू म्हणून ती गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही.

बंगळूर येथील कार्य

मद्रासच्या विभागाने इ.स. १९६३ आणि १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवले व जगातील अग्रगण्य प्रथिनशास्त्रज्ञ तेथे आले. मुदलियार कुलगुरुपदावरून निवृत्त झाल्यानंतर रामचंद्रन यांनी मद्रास सोडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेणवीय जैवभौतिकी विभागाची स्थापना केली. काही काळ ते शिकागो विद्यापीठातही प्राध्यापक होते.

इ.स. १९७१ मध्ये त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून वस्तूची अंतर्गत प्रतिमा जुळवण्याची सुलभ गणिती पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीमुळे संगणकाचा वेळ पुष्कळ वाचला. सी.टी. स्कॅनसाठी तिचा मोठा उपयोग झाला. निवृत्तीनंतर ते तर्कशास्त्राच्या गणिताकडे वळले आणि त्यात त्यांनी भारतीय न्यायशास्त्रातील कल्पनांचा आधार घेतला.

पुरस्कार आणि सन्मान

रामचंद्रन यांना इ.स. १९६१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. इ.स. १९७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने इ.स. १९९९ मध्ये त्यांना एवाल्ड पारितोषिक दिले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. कोलॅजेन, प्रथिनांचा आलेख आणि प्रतिमांचे गणित या तिन्ही कामांची योग्यता त्या तोडीची होती, असे अनेक शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे.

अखेरचा काळ

इ.स. १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत रामचंद्रन पक्षाघाताने आणि पार्किन्सनच्या विकाराने आजारी होते. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र रमेश नारायण हे खगोलभौतिकशास्त्रज्ञ आहेत. कोलॅजेनच्या कामातील सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी पुढे अमेरिकेत रायबोन्यूक्लिएज या प्रथिनाची रचना उलगडणाऱ्या गटात काम केले. रामचंद्रन यांच्या स्मरणार्थ भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेतर्फे जैवविज्ञानातील उल्लेखनीय कार्यासाठी सुवर्णपदक सुरू करण्यात आले.